वाचनालयाचें स्वतःचें चित्रभांडार

छत्रपति संभाजीनगर शहरास, म्हणजे जुन्या औरंगाबादेस, पाण्याचा प्रश्न नवा नाहीं. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी येथें आपलें शहर वसविलें, तेव्हां पहिली अडचण पाण्याचीच उभी राहिली. जवळची खाम नदी उन्हाळ्यांत भरंवशाची नव्हे. म्हणून त्यानें उत्तरेकडील डोंगरांच्या बाजूस जमिनींत झिरपणारें पाणी भुयारी कालव्यांत गोळा केलें आणि केवळ उताराच्या बळावर तें शहरांत आणलें. हीच ती नहरे-अंबरी. पुढें अशाच एका नहरीच्या पाण्यावर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यांतील पाणचक्की फिरूं लागली व तिच्या जात्यावर फकीर आणि यात्रेकरू यांच्यासाठीं पीठ दळलें जाऊं लागलें. या नहरींना ठिकठिकाणीं बंब व तपासणीचीं तोंडें ठेवलेलीं होतीं. आज शहराचें बहुतेक पाणी पैठणच्या नाथसागरांतून पंपांनीं चढवून आणावें लागतें. पंप थांबला किंवा जलवाहिनी फुटली कीं लोक टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात.

पाण्याची ही हकीकत प्रारंभींच सांगण्याचें कारण असें कीं, आजचा विषय वरवर पाहतां यंत्राचा दिसला तरी मुळांत तो मालकीचा आणि निगेचा आहे. व्हिडिओ, म्हणजे बोलती चित्रफीत, ही आतां घरोघर पाण्यासारखीच वापरांतली वस्तु झाली आहे. ती कोठून येते, कोणाच्या टांकींत सांठते आणि तो नळ कोणाच्या हातांत आहे, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं.

समजा, शहरांतील एखाद्या वाचनालयानें दहा वर्षें खपून दोनशें तासांच्या चित्रफिती जमविल्या आहेत. त्यांत हैदराबाद मुक्तिसंग्रामांत भाग घेतलेल्या वृद्धांच्या आठवणी आहेत. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं जो वीस वर्षांचा तरुण होता, तो आज हयात असल्यास शंभरीच्या घरांत आहे; त्याची मुलाखत पुन्हां घेतां येणार नाहीं. त्यांतच हिमरू विणणाऱ्या जुन्या कारागिरांचें काम टिपलेलें आहे. सुताच्या ताण्यावर रेशमी नक्षी कशी उठते, हात केव्हां थांबतो, धोटा केव्हां फिरतो, हें पुस्तकांत कितीहि लिहिलें तरी डोळ्यांनीं पाहिल्यावांचून कळत नाहीं. आणि हें सर्व धन त्या वाचनालयानें परदेशांतील एका मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट ठेवून दिलें आहे. जवळ दुसरी प्रत नाहीं. तर हें धन सुरक्षित आहे असें म्हणतां येईल काय?

अनुभव तसें सांगत नाहीं. गूगल कंपनीनें २००५ सालीं ‘गूगल व्हिडिओ’ या नांवाची सेवा सुरू केली होती. ती २०१२ सालीं बंद झाली. ‘व्हाइन’ नांवाची लघुचित्रफितींची सेवा २०१७ सालीं मिटली. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें ‘टिकटॉक’वर बंदी घातली. तिचीं राजकीय कारणें कांहींहि असोत. परंतु महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतल्या ज्या तरुणांनीं आपलीं गाणीं, नकला व शेतीच्या युक्त्या तेथेंच ठेवल्या होत्या, त्यांना त्यांचें दार एकाएकीं बंद झालेलें आढळलें. चित्रपटाच्या इतिहासांत तर याहून कडू उदाहरणें आहेत. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा कांहीं भागच आज उरला आहे, आणि १९३१ चा ‘आलम आरा’, हिंदुस्थानचा पहिला बोलपट, त्याची एकहि प्रत उपलब्ध नाहीं. जें एकाच ठिकाणीं ठेवलें व ज्याची काळजी कोणावरहि निश्चित सोंपविली नाहीं, तें जातें, हाच त्यांतील धडा आहे.

यावर एक उपाय असा कीं, संस्थेनें आपलें चित्रभांडार स्वतःच्या सर्व्हरवर मांडावें. सर्व्हर या शब्दाचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू असलेला आणि कोणी मागितलेली वस्तु त्यास पुरविणारा संगणक. वाचनालयाच्या खिडकीशीं बसलेला ग्रंथपाल जसा चिठ्ठी घेतो, कपाटांतून पुस्तक काढतो आणि वाचकाच्या हातीं देतो, तसेंच काम हा संगणक करतो. फरक इतकाच कीं, येथें पुस्तक कपाटांतून जात नाहीं, त्याची नक्कल जाते. म्हणून एकाच वेळीं पुष्कळ वाचकांस तें मिळूं शकतें.

असें भांडार चालविण्यासाठीं ज्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत त्यांत ‘पीअरट्यूब’ ही विशेष प्रसिद्ध आहे. फ्रान्समधील ‘फ्रामासॉफ्ट’ या ना-नफा संस्थेच्या आश्रयाखालीं ती तयार झाली व ऑक्टोबर २०१८ मध्यें तिची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली. ती विनामूल्य आहे, आणि तिचा मूळ मजकूर कोणासहि वाचतां येतो व बदलतां येतो. ‘पीअर’ म्हणजे बरोबरीचा. एकच चित्रफीत पुष्कळ जण एकाच वेळीं पाहूं लागले, तर प्रत्येक प्रेक्षकाचा संगणक आपल्याकडे आलेला तुकडा शेजारच्या प्रेक्षकास पुढें देतो. पंगतींत वाढपी थोडे असले म्हणजे जेवणारेच जसें भातवाढें पुढें सरकवितात, तसा हा प्रकार आहे. मात्र या देवघेवींत प्रेक्षकांचे इंटरनेटवरील पत्ते एकमेकांच्या संगणकांस दिसूं शकतात. तें ज्यास नको असेल त्यास ही सोय बंद ठेवतां येते.

या आज्ञावलीचा दुसरा विशेष म्हणजे भांडारांचा आपसांतील व्यवहार. ‘ॲक्टिव्हिटीपब’ नांवाचा एक सार्वजनिक संकेत आहे. जानेवारी २०१८ मध्यें वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेनें त्यास मान्यता दिली. या संकेतानें बोलणारे सर्व्हर एकमेकांच्या याद्या दाखवूं शकतात. संभाजीनगरच्या भांडारानें जालना, बीड किंवा पुणें येथील अशाच एखाद्या भांडाराशीं संबंध जोडला, तर एका ठिकाणच्या वाचकास दुसऱ्या ठिकाणच्या चित्रफिती तेथूनच शोधतां येतात. मालकी ज्याची त्याची, यादी मात्र सर्वांची. ग्रंथालयांमध्यें पुस्तकांची जी आपसांत देवघेव चालते, तिच्याच जातीची ही व्यवस्था आहे.

आतां सामग्रीचा हिशेब पाहूं. येथें अंदाजावर विसंबूं नये. साधा त्रैराशिकाचा हिशेब पुरतो. चांगल्या प्रतीच्या चित्रफितीस दर सेकंदास सुमारें ५ मेगाबिट माहिती लागते असें धरलें, तर एका तासाच्या ३६०० सेकंदांस १८,००० मेगाबिट होतात. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून त्यास आठांनीं भागून २,२५० मेगाबाइट, म्हणजे सव्वादोन गीगाबाइट आले. ज्यांचें इंटरनेट मंद आहे त्यांच्यासाठीं याच चित्रफितीच्या आणखी दोन हलक्या प्रती ठेवाव्या लागतात. त्या धरून दर तासास सुमारें चार गीगाबाइट जागा लागेल. दोनशें तासांचे झाले आठशें. शिवाय कॅमेऱ्यांतून निघालेली मूळ फीत तशीच जपावयाची. तिला तासास आठ गीगाबाइट धरले तर सोळाशें आणखी. एकूण चोवीसशें गीगाबाइट, म्हणजे सुमारें अडीच टेराबाइट. तेव्हां चार टेराबाइटची डिस्क घेतल्यास पुढील कांहीं वर्षांची सोय होते.

संगणक फार भारी नको. चार गाभ्यांचा प्रक्रियक आणि आठ गीगाबाइट स्मृति असलेला, चांगल्या स्थितींतला जुना संगणकहि लहान वाचनालयास चालतो. असा लहान संगणक सरासरीनें ३० वॅट वीज घेतो असें मानलें, तर महिन्यास सुमारें बावीस युनिट होतात. खरी मर्यादा असते ती इंटरनेटच्या जोडणीची. जोडणी घेतांना लोक खालीं येणारा वेग पाहतात. सर्व्हरास मात्र वर जाणारा वेग महत्त्वाचा. वर जाणारा वेग ५० मेगाबिट असेल आणि मध्यम प्रतीच्या चित्रफितीस अडीच मेगाबिट लागत असतील, तर एका वेळीं वीस प्रेक्षकांची सोय झाली. वाचनालयाच्या मानानें हें थोडें नव्हे.

जोडणी घेतांना आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. पुष्कळशा घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. शेंकडों घरें मिळून एकच पत्ता वापरतात. अशा जोडणीवरून बाहेर पाहतां येतें, परंतु बाहेरच्यास आंत येतां येत नाहीं. म्हणून पुरवठादाराकडून स्थिर सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा. तो मिळत नसेल, तर मोठ्या माहितीकेंद्रांतील एक लहानसा सर्व्हर भाड्यानें घेऊन त्यावर भांडार मांडावें व मूळ फिती वाचनालयांत ठेवाव्या. जागा भाड्याची असली तरी कुलूप व किल्ली आपली राहते. एक घरमालक सोडून दुसऱ्याकडे सामान हलवितां येतें.

मांडणीचा क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे, कारण येथें पुढची पायरी मागच्या पायरीवर उभी असते. सर्वांआधीं नांव ठरवावें. इंटरनेटवरील नांव, ज्यास डोमेन म्हणतात, तें वार्षिक शुल्क भरून नोंदवावें लागतें. हें नांव विचारपूर्वक निवडावें. कारण भांडार एकदां सुरू होऊन इतर भांडारांशीं त्याचा परिचय झाला, कीं मागाहून नांव बदलणें मोठें त्रासाचें होतें. जुने सर्व दुवे तुटतात आणि शेजारच्या भांडारांस तें परकें वाटूं लागतें. नोंदणी संस्थेच्या नांवें असावी. एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या खासगी नांवावर नसावी.

नंतर संगणकावर लिनक्स जातीची कार्यप्रणाली बसवावी. त्यांत ‘डेबियन’ ही स्थिरतेबद्दल नांवाजलेली आहे. मग मदतनीस बसवावयाचे. त्यांचीं नांवें परकीं असलीं तरी कामें ओळखीचीं आहेत. ‘पोस्टग्रेस’ हा डेटाबेस म्हणजे दुकानाची खतावणी. कोणती चित्रफीत कोणी ठेवली, तिचें शीर्षक काय, तिच्याखालीं कोणीं काय लिहिलें, याची नोंद तींत असते. ‘रेडिस’ हा वर्गांतल्या फळ्यासारखा. तात्पुरतीं कामें त्यावर मांडलीं जातात व झालीं कीं पुसलीं जातात. ‘एफएफएमपेग’ हा मोठी फीत घेऊन तिच्या लहान-मध्यम प्रती काढणारा कारागीर. ‘एनजिनएक्स’ हा देवडीवरचा दरवान. बाहेरून येणारा प्रत्येक जण प्रथम त्याच्यापाशीं येतो. आणि ‘नोड’ हें तें इंजिन, ज्याच्यावर पीअरट्यूबची आज्ञावली चालते.

एवढें झाल्यावर पीअरट्यूबसाठीं संगणकावर एक वेगळा वापरकर्ता निर्माण करावा आणि त्यास कमींत कमी अधिकार द्यावेत. म्हणजे उद्यां आज्ञावलींत एखादें छिद्र निघालें तरी चोरास सबंध घर मोकळें होणार नाहीं. त्याच्या नांवें खतावणी उघडावी. आज्ञावलीची ताजी आवृत्ति तिच्या मूळ ठिकाणाहूनच आणून स्वतंत्र फोल्डरांत उतरवावी. पुढें नवी आवृत्ति आली कीं ती निराळ्या फोल्डरांत ठेवावयाची व ‘चालू आवृत्ति’ ही पाटी तिकडे वळवावयाची, अशी यांत योजना आहे. मग मांडणीच्या फाइलींत चार गोष्टी भराव्या: भांडाराचें नांव, खतावणीचा पासवर्ड, टपालाची व्यवस्था आणि एक लांबलचक गुप्त संकेत. हा संकेत मनानें रचूं नये. संगणकाकडून यदृच्छेनें तयार करून घ्यावा.

शेवटीं दरवानास भांडाराचा मार्ग दाखवावा आणि त्याच्याजवळ सुरक्षिततेचें प्रमाणपत्र द्यावें. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था असें प्रमाणपत्र विनामूल्य देते. त्याची मुदत थोड्या महिन्यांची असते. म्हणून तें आपोआप नवें होईल अशी व्यवस्था प्रथमच करावी, नाहींतर एखाद्या सकाळीं सर्व वाचकांस ‘हें स्थळ धोक्याचें आहे’ अशी पाटी दिसूं लागते. भांडार पहिल्यानें सुरू होतांच मुख्य चालकाचा पासवर्ड संगणकाच्या नोंदवहींत उमटतो. तो वापरून आंत जावें व लगेच बदलावा. बाहेरच्यांची नांवनोंदणी बंद आहे हें तपासावें. ती उघडी राहिली तर अनोळखी जाहिरातवाल्यांनीं कोठार भरण्यास वेळ लागत नाहीं. मग वाचनालयाच्या जोडणीवरून नव्हे, तर रस्त्यावर जाऊन मोबाइलच्या इंटरनेटवरून एक चित्रफीत लावून पाहावी. ती दिसली म्हणजे मांडणी पुरी झाली.

येथवरचें काम एखादा जाणता तरुण एक-दोन दिवसांत करूं शकतो. खरी कसोटी त्यापुढें लागते. नहर खणणें हें एका पिढीचें काम होतें. गाळ काढणें हें प्रत्येक पिढीचें. जेथें तिच्यावर घरें चढलीं, जेथें तोंडें बुजलीं, तेथें चांगली बांधलेली नहरहि निकामी झाली. सर्व्हराचें तसेंच आहे. म्हणून निगेचीं कामें नेमून द्यावीं व त्यांची एक नोंदवही ठेवावी.

रोजचें काम एवढेंच कीं, स्थळ उघडतें कीं नाहीं हें पाहणें. आठवड्यास डिस्कवर किती जागा उरली तें लिहावें. कोठार काठोकाठ भरलें कीं नवी चित्रफीत ठेवतां येत नाहीं एवढ्यावर भागत नाहीं. खतावणीसहि लिहावयास जागा उरत नाहीं आणि सबंध भांडारच थांबतें. म्हणून चार पंचमांश जागा भरली कीं नव्या डिस्केची तजवीज करावी. महिन्यास कार्यप्रणालीच्या व आज्ञावलीच्या सुधारणा बसवाव्या. प्रत्येक सुधारणेपूर्वीं तिच्याबरोबरचें सूचनापत्रक वाचावें आणि प्रत काढूनच कामास हात घालावा. शाळेंत गणित सोडविण्यापूर्वीं उदाहरण दोनदां वाचावें असें मुलांस सांगतात. मोठ्यांसहि तो नियम लागू आहे.

प्रतींचा विषय सर्वांत महत्त्वाचा. जाणते लोक एक सोपा नियम सांगतात: प्रती तीन असाव्या, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या जागीं असावी. वाचनालयाच्या सर्व्हरवर एक, वेगळ्या डिस्केवर दुसरी, आणि तिसरी पैठण किंवा जालना येथील एखाद्या विश्वासू संस्थेच्या कपाटांत. आग लागली, छप्पर गळलें किंवा चोरी झाली, तरी सर्वच एकदम जात नाहीं. प्रत घेतांना कोठार, खतावणी व मांडणीची फाइल हीं तिन्ही घ्यावीं. नुसतें कोठार घेतलें तर शेंकडों फाइली हातीं येतात, परंतु कोणत्या फाइलींत कोणाची मुलाखत आहे हें सांगणारें कांहीं उरत नाहीं. आणि नुसती खतावणी घेतली तर शीर्षकें राहतात व फिती जातात.

प्रत आहे एवढ्यावर मात्र निश्चिंत राहूं नये. वर्षांतून दोनदां ती दुसऱ्या संगणकावर उतरवून त्यावरून भांडार पुन्हां उभें करून पाहावें. आग विझविण्याची कवाईत आग लागण्यापूर्वींच करावयाची असते. पुष्कळदां या कवाईतींतच उमगतें कीं, गेल्या चार महिन्यांच्या प्रती रिकाम्याच निघाल्या आहेत किंवा पासवर्ड कोणासच आठवत नाहीं. ही चूक शांतपणें कळली तर ती पंधरा मिनिटांचें काम असते. आपत्तींत कळली तर दहा वर्षांची मेहनत जाते.

मराठवाड्यांतील हवेचाहि विचार केला पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळीस अंशांवर जातो. संगणक पत्र्याच्या खोलींत किंवा बंद कपाटांत ठेवल्यास तो तापून बंद पडतो व डिस्केचें आयुष्य घटतें. उत्तरेकडील, सावलीची, हवेशीर खोली त्यास द्यावी. दर दोन महिन्यांनीं पंख्यांवरील धूळ काढावी. वीज अचानक गेली तर खतावणींत लिहीत असतांनाच हात थांबल्यासारखें होतें. म्हणून यूपीएस जोडावा आणि त्याची बॅटरी संपत आल्यास संगणक आपण होऊन रीतसर बंद होईल अशी योजना करावी. राऊटरासहि त्याच यूपीएसवर जागा द्यावी. तो विझला तर सर्व्हर चालू असून उपयोग नाहीं.

स्वतःचें भांडार म्हणजे स्वतःची जबाबदारी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वयें दुसऱ्याचें गीत, चित्रपट किंवा व्याख्यान अनुमतीवांचून ठेवतां येत नाहीं. २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा व त्याखालील २०२१ चे नियम हेहि चालकानें जाणकाराकडून समजून घ्यावेत. तक्रार कोणाकडे करावयाची हें स्थळावर स्पष्ट लिहावें व आलेल्या तक्रारीस वेळेवर उत्तर द्यावें. कायद्यापलीकडेहि एक मर्यादा आहे. वृद्धानें विश्वासानें सांगितलेली आठवण, तींत आलेलें शेजाऱ्याचें नांव, कारागिरानें दाखविलेली घराण्याची खुबी, यांपैकीं काय जगासमोर ठेवावें व काय केवळ वाचनालयांत बसून पाहूं द्यावें, हें त्या माणसास विचारून ठरवावें आणि त्याची लेखी संमति जपून ठेवावी. पीअरट्यूबमध्यें प्रत्येक चित्रफीत सर्वांस खुली, दुव्यानेंच मिळणारी किंवा खासगी ठेवण्याची सोय आहे.

कोणी विचारील कीं, एवढा खटाटोप कशासाठीं? मोठ्या कंपनीच्या स्थळावर जगांतले प्रेक्षक आयते असतात. हें खरें आहे, आणि तेथें ठेवूंच नये असेंहि नाहीं. तेथें एक प्रत अवश्य ठेवावी. दूरच्या माणसास ती चटकन् सांपडेल. परंतु ती बाजारांतली मांडणी समजावी, घरांतली तिजोरी समजूं नये. तसेंच ज्या संस्थेजवळ निगा राखणारीं दोन माणसेंहि नाहींत, तिनें एकटीनें या फंदांत पडूं नये. चार वाचनालयांनीं मिळून एक भांडार चालवावें, किंवा निदान दोन डिस्केवर मूळ फिती उतरवून त्या दोन गांवीं ठेवाव्या. न राखलेला सर्व्हर हा नसलेल्या सर्व्हरपेक्षां वाईट. कारण त्याच्या भरंवशावर लोक आपल्याजवळची प्रत पुसून टाकतात.

दोन माणसें म्हणण्याचेंहि कारण आहे. अशा बहुतेक उद्योगांत एकच हुशार तरुण सर्व जाणतो. तो नोकरीनिमित्त पुण्यास किंवा बंगळूरास गेला कीं मागें राहिलेल्यांस कुलूप दिसतें, किल्ली सांपडत नाहीं. म्हणून मुख्य पासवर्ड, डोमेनच्या नोंदणीचा तपशील व प्रतींच्या जागा एका कागदावर लिहून तो मोहोरबंद पाकिटांत संस्थेच्या तिजोरींत ठेवावा आणि बदल झाला कीं नवा कागद घालावा. चालकानें आपल्या हाताखालीं दरवर्षीं एक नवा विद्यार्थी तयार करावा. त्यास सर्व काम नोंदवही पाहून, कोणास न विचारतां, एकदां करावयास लावावें. जेथें तो अडेल तेथें नोंदवही अपुरी आहे असें समजून ती दुरुस्त करावी.

या शहरास दूरवर आवाज पोंचविण्याची हौसहि जुनी आहे. निजामी राजवटींत येथें नभोवाणीचें केंद्र होतें. १९५० सालीं तें ऑल इंडिया रेडिओकडे आलें. त्या काळीं केंद्र उभारणें हें संस्थानाचें काम होतें, कारण त्यास मनोरे, इमारती व मोठा पैसा लागे. आज टेबलावर मावणारा एक संगणक घेऊन एखादें वाचनालय आपल्या गांवचे चेहरे आणि आवाज जगापुढें ठेवूं शकतें. साधन स्वस्त झालें आहे. राखण मात्र पूर्वीइतकीच महाग आहे, आणि ती पैशानें न मिळतां सवयीनें मिळते.

ज्यांना प्रारंभ करावयाचा असेल त्यांनीं सर्व्हर घेण्यापूर्वीं या आठवड्यांतच एक काम करावें. वाचनालयांत, शाळेंत किंवा घरीं असलेल्या चित्रफितींची यादी लिहावी. प्रत्येकीपुढें ती कोणाची, केव्हांची, कोठें ठेवलेली आणि तिच्या प्रती किती, हें नोंदवावें. ज्या ओळींत प्रतींची संख्या एक असेल तिच्याखालीं तांबडी रेघ ओढावी. कामाची सुरुवात त्या तांबड्या रेघांपासून करावी.